शनिवारच्या जेवणाआधी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवरचे आपले बोलणे नीट संपले नाही. "बाबा, त्या माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांची काळजी मला आहे," असे म्हणून तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ तो हातात धरून बसलो. आता लगेच परत लावू नका, तिला कामे असतील, असे तुझी आई आतून म्हणाली. म्हणून लिहितो आहे. लिहिताना तरी मला तुझे वाक्य मध्येच तोडता येणार नाही.

मला फार आनंद झाला आहे, आणि तो सांगायचा कालच्या वादात राहूनच गेला. तू गेलीस तेव्हा, ही पोरगी तिकडे एकटीच ओट्याशी उभी राहून जेवत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून महिनोन्महिने हलत नव्हते. त्याच घरी शनिवारी चौघी जणी जेवायला येणार, त्यांच्यासाठी तू स्वतः रांधणार, मोठ्या काकूंनी दिलेले ते जड पातेले पहिल्यांदा काठोकाठ भरणार, हे ऐकून मला जे वाटले ते शब्दांत नीट मांडता आले असते, तर कदाचित मी लगेच डबे, बाटल्या आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरे यांच्याकडे वळलो नसतो.

चौघींपैकी तिघी मुसलमान आहेत आणि हलाल, म्हणजे त्यांच्या धर्माला मान्य असलेलेच, खातात, हे तू सहज सांगितलेस. मी बोलू लागताच, "मी सगळे शाकाहारीच करणार आहे, मग प्रश्न येतोच कुठे?" असे म्हणालीस. बाळ, प्रश्न नेमका तिथेच येतो. मांस न घेतल्याने अर्धी काळजी मिटते हे खरे, पण उरलेली अर्धी दिसत नाही, आणि मला भीती त्या न दिसणाऱ्या अर्ध्याचीच आहे. चीज शाकाहारी दिसते, पण दूध फाडायला वापरलेले रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असू शकते, आणि ते कोणी चालवून घेते, कोणी घेत नाही. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून केलेल्या रेनेटचे चीज घेतलेस तर हा विषयच उरत नाही. सुपाच्या वडीत प्राण्याची चरबी असू शकते. बिस्किटांवर आणि पावावर कधी ई ४७१ असे लिहिलेले असते, तो तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक, आणि तो पदार्थ वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. तो कशापासून झाला हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. व्हॅनिलाचा अर्क मद्यार्कातच उतरवतात, आणि अमेरिकेच्या नियमानुसार त्यात किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. केकमध्ये पडणारा एक चमचा काही जणांना चालतो, काहींना मुळीच चालत नाही. त्याऐवजी व्हॅनिलाची शेंग किंवा भुकटी वापरता येते.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाक, कारण तो मीही बाळगून होतो. रश्श्यात वाइन घातली तरी ती शिजताना उडून जाते, असे लोक म्हणतात. ती सगळी उडत नाही. पंधरा मिनिटे उकळल्यावरही साधारण ४० टक्के मद्यार्क उरतो, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तासांनीही सुमारे ५ टक्के. आणि तो पूर्ण उडाला असता तरी, ज्या पातेल्यात दारू ओतली त्यातले अन्न आपल्या पानात नको, असे म्हणण्याचा हक्क जेवणाऱ्याचा आहे, रांधणाऱ्याचा नाही. व्हिनेगरचे मात्र वेगळे आहे. आंबून त्याचे पूर्ण रूपांतर झालेले असते, आणि पैगंबरांनी व्हिनेगरला चांगले तोंडीलावणे म्हटल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या वचनांची नोंद, आहे. तेव्हा ते टाळायची गरज नाही.

पुन्हा व्याख्यान झाले. तुझी आई शेजारी असती तर तिने आतापर्यंत माझ्या हातातून कागद काढून घेतला असता. रागावू नकोस. तुला स्वयंपाकातले माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि माणसे तर त्याहून जास्त कळतात. ते कुठून आले हे मला माहीत नाही, पण त्याचा मला अभिमान आहे.

माझी काळजी कुठून येते, ते मात्र तुला आजवर सांगितलेले नाही. तू तेव्हा पहिलीत होतीस. तुझी आई आजींच्या ऑपरेशनसाठी गेली होती, आणि त्याच आठवड्यात चाचा त्यांच्या कुटुंबाला घेऊन पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला यायचे होते. बेत पुढे ढकलावा, असे त्यांनीच सुचवले होते. मी हट्टाने नाही म्हणालो. मला दाखवायचे होते की मी एकटा सगळे करू शकतो, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे करू शकतो. मी त्यांच्या माहितीच्या मुसलमान खाटकाकडून मांस आणले. घरातला जुना लाकडी पाट बाजूला ठेवून मांस कापायला नवा घेतला. तळणासाठी ताजे तेल काढले, सुऱ्या आणि पातेली गरम पाण्याने दोनदा घासली. जेवताना चाचींनी काहीही विचारले नाही, नुसते बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला, आणि आपण सारे बरोबर केले याचा मला इतका गर्व वाटला की त्या रात्री मी फोनवर तुझ्या आईला सगळा स्वयंपाक पदार्थागणिक सांगितला.

गोडाला मी पाकिटातली जेली केली होती. त्यांच्या दोन्ही मुलांनी ती तीन-तीनदा मागून घेतली आणि धाकटा तर तुझ्या मांडीवरच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी आवरत होतो आणि तू ओट्यावर पाय हलवत बसली होतीस. नुकतीच वाचायला लागली होतीस, म्हणून दिसेल ते मोठ्याने वाचायचीस. तू ते रिकामे पाकीट उचललेस आणि एकेक अक्षर जुळवत वाचलेस, जि-ले-टि-न. मग विचारलेस, "बाबा, जिलेटिन म्हणजे काय?" मी म्हणालो, "काही नाही." आणि पाकीट तुझ्या हातातून घेऊन चुरगाळून टाकले.

जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. कधी डुकराच्या, कधी गाईबैलांच्या. ते कोणाचे होते, हे पाकिटावर लिहिलेले नव्हते. मांसासाठी मी इतकी धावपळ केली, आणि हातात धरलेल्या पाकिटाची मागची बाजू उलटून पाहिली नाही. चाचींनी विचारले नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मला सलते ते हेच. त्यांनी विचारले असते आणि मी चुकीचे उत्तर दिले असते, तर ती नुसती चूक ठरली असती. त्यांनी विचारलेच नाही, म्हणून ती मला चुकीपेक्षा मोठी वाटते.

तीन आठवडे मला चाचांच्या डोळ्यांत बघवेना. शेवटी एके दिवशी सांगून टाकले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की नकळत घडलेल्या गोष्टीचा दोष आमच्याकडे धरत नाहीत, मुलांनाही नाही आणि तुम्हालाही नाही. एवढे म्हणून ते उठले, आणि दाराशी थांबून म्हणाले, "पण मला विचारायचे होते. मला विचारलेले आवडते." त्यानंतर ती मंडळी आपल्याकडे कितीतरी वेळा जेवली, हे तुलाही आठवते. तुझा लाडका निळा डबा त्यांचाच. त्या दिवसानंतर ते गोड नेहमी आपल्या घरून आणत, त्या डब्यातून. तू नाचत झाकण उघडायचीस, आणि मला ते झाकण उघडताना बघवत नसे.

म्हणून विचार. तिघींना वेगवेगळे विचार, कारण तिघींचे उत्तर एक असेलच असे नाही. "फक्त डुकराचे नको, बाकी काहीही चालेल," असे एक जण म्हणाल्याचे तू सांगितलेस. ते तिचे झाले. ते दुसरीला लागू धरू नकोस. कुराणात निषिद्ध म्हणून मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाच्या नावाने अर्पिलेले अन्न, एवढे स्पष्ट सांगितले आहे. सुरा अल-बकरा या अध्यायाच्या १७३ व्या आयतीत, म्हणजे वचनात, ही यादी सापडते. म्हणून कोणत्याही देवापुढे ठेवलेले अन्न त्यांच्या पानात वाढू नकोस, ते तुझ्यापुरते वेगळे काढून ठेव. पण त्या यादीच्या पलीकडे मतभेद आहेत. सुन्नी पंथातल्या हनफी परंपरेत पाण्यातल्या जिवांपैकी मासे तेवढे चालतात आणि कोळंबीवरून त्यांच्यातच वाद आहे. सुन्नींच्याच शाफई आणि मालिकी परंपरेत पाण्यातले बहुतेक सारे चालते. शिया मंडळी खवले असलेला मासा खातात आणि कोळंबीही. माशाला मात्र कापण्याचा विधी लागत नाही, म्हणून भाज्यांच्या जोडीला खवल्यांचा मासा केलास तर बहुधा तिघींनाही चालेल. तरीही आधी विचार.

आणि मांस करायचे मनात आलेच, तर खात्रीच्या हलाल दुकानातूनच आण. जनावर जिवंत आणि निरोगी असताना, अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू देतात, तेव्हा ते हलाल होते. कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करावे की नाही यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांतही एकमत नाही, आणि काही कुटुंबे एखाद्या ठरावीक संस्थेचाच शिक्का मानतात. ज्यू लोकांचे कोशर मांस काही जण चालवून घेतात, काही नाही. तेव्हा तिघींतल्या सगळ्यांत काटेकोर मैत्रिणीला, "मी कुठून आणू?" असेच विचार. तिला संकोच वाटणार नाही. उलट ज्या घरी आपल्याला विचारले जाते, तिथे माणूस निर्धास्त जेवतो. चाचांचे ते वाक्य मी इतकी वर्षे बाळगून आहे.

तुझ्या भांड्यांचे विचारलेस, ते बरे केलेस. त्यांत पूर्वी काहीही शिजले असले तरी ती स्वच्छ धुतली की बहुतेकांना चालतात. जुन्या हदिसांमध्येही दुसऱ्या धर्माच्या लोकांची भांडी धुऊन वापरावीत असे आले आहे. पण तळणाचे जुने तेल वापरू नकोस, आणि लाकडी पाटाचे तेवढे बघ. चौथ्या मैत्रिणीने वाइन आणली तर ती त्या दिवशी कपाटात राहू दे. दारू असलेल्या पंगतीला बसायलाच अनेकांना नको वाटते, आणि त्या तोंडाने तसे म्हणणार नाहीत.

तू सातची वेळ दिली आहेस. त्या दिवशी सूर्यास्त कधी आहे ते बघून घे, कारण मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते आणि तिची वेळ फार थोडी असते. वाढणे त्या आधी किंवा नंतर धर, मध्ये धरू नकोस. आतल्या खोलीत धुतलेली चादर अंथरून ठेव, हात-पाय धुवायला मोकळी जागा दे, किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची मक्केकडची, दिशा त्यांच्या फोनवर त्यांना सापडेल. मोतीला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस. कुत्र्याची लाळ लागलेल्या जागी अनेक जण नमाज पढत नाहीत. त्याला वाईट वाटेल, पण तासाभराचा प्रश्न आहे.

पाहा, तीन पाने झाली, आणि मी एकच पान लिहिणार होतो. काल मी, "तुझ्याकडून चूक होईल," असे म्हणालो, ते मला म्हणायचे नव्हते. माझ्याकडून झाली होती, हे म्हणायचे होते, आणि ते तोंडाने म्हणता आले नाही. तू माझ्यासारखी घाईची नाहीस. तू लहानपणापासून पाकिटे उलटून वाचतेस.

शुक्रवारी सामान आणलेस की, वेळ असेल तर फोन कर आणि पाकिटांवरचे मला मोठ्याने वाचून दाखव. मी मध्ये बोलणार नाही. वेळ नसेल तर राहू दे, शनिवारी सगळ्या गेल्यावर कर. कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन.

आईचे आणि माझे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा

ता. क. गोडाला काही थिजवायचे असेल तर अगर-अगर वापर, म्हणजे चायना ग्रास. ते समुद्रातल्या शेवाळापासून होते. जिलेटिन कोमट पाण्यातही विरघळते, याला मात्र चांगली उकळी द्यावी लागते. आणि त्याच्याही पाकिटाची मागची बाजू एकदा बघ.