तिसरीत ओळखा, दहावीची वाट बघू नका

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालो. वाचा-लिहायला अडखळणारी मुलं तिसरीतच ओळखली जावीत, हे माझं मागणं. त्याआधी स्वतःची चूक सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचनाची पाळी त्याच्यापासून दोन पोरांवर आली, की पाणी प्यायला उठायचा. 'थवा'ला 'यवा' म्हणायचा, 'बदक'चं 'बकद' करायचा. खोडून खोडून वहीला भोकं पडलेली. तोच धडा कुणी वाचून दाखवला, तर मात्र अख्खा सांगायचा, मधेमधे कानडी शब्द घालून. मी प्रगतिपुस्तकावर लिहिलं, 'लक्ष देत नाही. सराव आवश्यक.' दोन वर्षं हेच. त्यापायी घरी मारही खाल्ला असेल त्यानं.

तो ढ नव्हता. त्याला डिस्लेक्सिया होता. बुद्धी शाबूत, पण आवाज आणि अक्षर यांची सांगड चटकन बसत नाही. अशीच अडचण कुणाला लिहिण्यात येते, कुणाला गणितात. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो, त्यामुळे पहिली-दुसरीत बरीच पोरं 52 लिहितात आणि पुढं सुधारतात. पाचवीतही न सुधारणारा एखादा असतो, त्याच्याकडे बघायला हवं. (2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, तेव्हा टिंगल करणाऱ्यांत मीही होतो.)

वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अशा अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ती आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखणं हे त्याच्या कलम 16 नुसार शाळेचं काम. प्रत्यक्षात आठवण होते ती दहावीचा फॉर्म भरताना, कारण जादा वेळ आणि लेखनिक हवा असतो. सवलत मिळायलाच हवी. पण तोवर पोरानं स्वतःला मठ्ठ ठरवून टाकलेलं असतं.

त्या मुलाचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र नववीत काढायला घेतलं. गाव उमदीच्या बाजूचं, शहर शंभर किलोमीटरच्या पुढं. पहिल्या खेपेला मानसशास्त्रज्ञ रजेवर. दुसऱ्या खेपेला शाळेच्या पत्रावर शिक्का नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्यापुढं वाचायला उतारा ठेवला, तो हिंदी! घरी कानडी, शाळेत मराठी आणि तपासणी हिंदीत. आईचे तीन रोज बुडाले ते वेगळेच.

साहेब, आमच्याकडे हा भाषेचा गुंता मोठा आहे. कानडी घरातली मुलं मराठीत अडखळतात. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं दिवाळीनंतर वर्गात नसतातच. त्यांना वाचता येत नाही म्हणून अक्षमतेचा शिक्का मारू नये, आणि 'भाषेमुळे होतंय' म्हणून खरी अडचण झाकूही नये. त्यासाठी दोन्ही भाषांत बघावं लागतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. म्हणजे जतला लागणाऱ्या दोन्ही भाषांत!

मागणं एवढंच, की तिसरीतल्या प्रत्येक मुलाची पहिली चाळणी वर्गशिक्षकानं दिवाळीच्या आत करावी, आणि ती कशी करायची हे त्या शिक्षकाला नीट शिकवावं. तिसरी म्हणजे आठ वर्षांचं वय, प्रमाणपत्रही आठव्या वर्षापासून मिळू शकतं. मग महिन्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक जतच्या सरकारी दवाखान्यात बसावेत. पोरानं शहरात जाण्यापेक्षा तिघांनी गाडी करून इकडं येणं सोपं आहे. आणि हे काम गुरुजींना देताना त्यांची एखादी ऑनलाइन माहिती कमी करा, नाहीतर चाळणी कागदावरच होईल. कशी होते ते मला ठाऊक आहे, मीही तशी माहिती भरलेली आहे.

तो मुलगा आता टेम्पो चालवतो. त्याची तिसरीची वही माझ्याकडे आहे. जतला आलात तर दाखवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. जत, जि. सांगली