प्रेक्षकालाही डोकं चालवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळ टीव्हीवर चालायचं असेल तर डाव तीन-तीन मिनिटांचेच हवेत, क्रिकेटने टी-20 आणलं तसं, असा सूर आपल्या क्रीडा पानावरच्या चर्चेत उमटला. मला तो पटला नाही. टी-20 मध्ये षटकं कमी झाली, पण चेंडू आधीइतकाच नीट दिसतो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अशा मिनिटांच्या डावांत, मात्र एक चाल का केली हे उमगेपर्यंत पुढच्या चार होऊन जातात. दिसतात ते भराभर फिरणारे हात आणि घड्याळावरच्या थापा. मुरलेल्याला त्यात मौज आहेच, पण घोडा अडीच घरं जातो एवढंच ज्याला ठाऊक, तो थोड्याच वेळात चॅनल बदलेल.

अडचण वेळेची नाहीच. खेळ चालतो खेळाडूच्या डोक्यात आणि कॅमेरा लावलेला असतो पटावर.

या खेळानं प्रेक्षकाला कधी फारसं जवळ केलं नाही, हे खरं. 1972 साली आइसलँडमधल्या रेकयाविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेच्या बॉबी फिशरनं कॅमेऱ्यांवरून वाद घातला, दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळवावा लागला. तरी बुद्धिबळाचं वेड जगभर पसरवलं ते याच लढतीनं. अमेरिकेत शेल्बी लायमन हे बुद्धिबळ शिकवणारे गृहस्थ टीव्हीवर भिंतीवरचा पट घेऊन तासन्‌तास बोलत राहत. पडद्यावर पाहण्यासारखं म्हणाल तर काहीच नव्हतं. पण पुढची चाल येईपर्यंत अंदाज बांधण्याचं काम प्रेक्षकाकडे होतं, आणि लोक बसून राहिले.

आज ते काम पडद्याच्या कडेची काळी-पांढरी पट्टी करते. कोण किती पुढे, हे संगणक क्षणोक्षणी सांगतो आणि आपण डाव पाहायचं सोडून पट्टी पाहतो. 2018 मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतले बाराही डाव बरोबरीत सुटले, म्हणून ‘कंटाळवाणी’ असा शिक्का बसला. त्यातल्या सहाव्या डावात संगणकाला कारुआनाचा विजय दिसला होता. तीसहून अधिक चालींनंतरची मात! पटाशी बसलेल्या माणसाला ती सापडणं जवळपास अशक्य होतं. तरी ‘जिंकलेला डाव घालवला’ म्हणायला घरबसल्या सगळे मोकळे. जे खेळाडूला दिसूच शकत नाही, त्यावरून त्याला जोखायचं हा कुठला न्याय?

पट्टीच्या बाजूनंही एक दाखला आहे, तो लपवत नाही. सिंगापूर, 12 डिसेंबर 2024, गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, तरी डाव बरोबरीकडे चालला होता. डिंगनं 55व्या चालीला हत्ती अदलाबदलीसाठी पुढे केला आणि पट्टी धाडकन कोसळली. चूक घडल्याचं लाखो प्रेक्षकांना गुकेशच्या आधी कळलं. मग गुकेशचा चेहरा बदलला. त्या काही सेकंदांसारखं नाट्य दुसऱ्या खेळात शोधून सापडायचं नाही. पण चूक नेमकी कसली, हे पट्टीनं सांगितलं नव्हतं. पांढऱ्याचा, म्हणजे डिंगचा, उंट कोपऱ्यात अडकलेला, त्यामुळे हत्तींपाठोपाठ उंटही जाणार आणि मग नुसत्या राजा-प्याद्यांच्या खेळात काळा, म्हणजे गुकेश, जिंकणार, हे समालोचकानं सांगितलं तेव्हा कुठे ते अनेकांना उलगडलं.

म्हणून पट्टी काढून टाका असं मी म्हणत नाही. चाल होईपर्यंत झाका, एवढंच. खेळाडू वीस मिनिटं विचारात बुडालेला असतो तेव्हा दोन-तीन शक्य चाली प्रेक्षकापुढे ठेवा, समालोचकांनाही संगणकाविना अंदाज करू द्या आणि त्यांचे अंदाज चुकूही द्या. नॉर्वे चेस स्पर्धेत खेळाडू डाव चालू असतानाच एका बंद खोलीत जाऊन मनातलं कॅमेऱ्यासमोर बोलतो. प्रतिस्पर्ध्याला ते ऐकू जात नाही. बीबीसीनं 1970 च्या दशकात ‘द मास्टर गेम’मध्ये यासारखंच काही केलं होतं: डाव संपल्यावर खेळाडूंकडून त्यांचे विचार बोलून घ्यायचे आणि ते चालींबरोबर ऐकवायचे. डाव संथ असला तरी ‘आता मला भीती वाटतेय’ हे खुद्द खेळाडूच्या तोंडून ऐकल्यावर उठवत नाही. क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या डावांच्या, स्पर्धांच्या आयोजकांनी हे सरसकट का स्वीकारू नये, कळत नाही. काही खेळाडूंना ते आवडणार नाही. त्यांना सक्ती नको.

क्रिकेटइतका प्रेक्षक बुद्धिबळाला मिळेल, असं मला वाटत नाही. निदान चाली तरी कळाव्या लागतात, ती अट राहणारच. पण चाली कळणारे आणि तरीही डाव न पाहणारे असंख्य आहेत. आधी त्यांना बसवा.

आपल्या क्रीडा पानालाही यात हातभार लावता येईल. मोठी लढत चालू असताना निकाल आणि गुणांच्या दोन ओळींऐवजी डावातल्या निर्णायक क्षणाची आकृती छापावी, खाली फक्त ‘काळ्याची चाल’ एवढं लिहावं आणि त्यानं काय खेळलं ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात सांगावं.

आपला,
एक नियमित वाचक