सुहासला पत्र : भरतीच्या मैदानावरून

नागपूर,
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ज्याच्या घरात खुंटीवर वर्दी टांगलेली असायची, त्या मुलाला तुम्ही युद्धविरोधी लोक सैन्यभरतीविरुद्ध काय सांगणार, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न मला लागला, कारण काकांच्या त्याच खोलीत बसून मी तुझ्याबरोबर अभ्यास केला आहे. म्हणून फोनवर वाद न घालता सविस्तर लिहितो आहे.

आम्ही पाच-सहा जण नोव्हेंबरपासून दर रविवारी पहाटे कामठी रस्त्याकडच्या एका मैदानावर जातो. भरतीची तयारी करणारी मुले तिथे 'सोळाशे' मारतात. १,६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापले तर पूर्ण ६० गुण, त्यानंतर उशीर होईल तसे कमी गुण आणि फारच उशीर झाला तर बाद, हा हिशेब तिथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. पहिल्या रविवारी आम्ही युद्धविरोधी फलक घेऊन उभे राहिलो आणि मुले आमच्याकडे न पाहता फेऱ्या मारत राहिली. शेवटी एक जण थांबला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो त्याने सुतळीने आवळून बांधला होता. पिशवीतले भिजवलेले चणे खात तो म्हणाला, "भाऊ, युद्ध कोणाले पाहिजे? पण बाप मजुरीले जाते, बहिणीचं लग्न हाय. मले दुसरं काम दाखव, मी आत्ता घरी जातो." ते काम आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

त्या दिवसापासून फलक घरीच आहेत. त्यांच्याऐवजी आम्ही एका पानावर माहिती छापली. सैन्यभरतीची अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये पगार, त्यातले ९,००० निधीत जातात आणि हाती २१,००० पडतात. चार वर्षांनंतर सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के. तो मुलगा हा कागद बोट ठेवून वाचत होता. २५ टक्क्यांच्या ओळीवर बोट थांबले. "मंग बाकीचे पंचाहत्तर?" असे त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता कागदाची चौघडी करून ती मोज्यात खोचली, कारण त्याच्या चड्डीला खिसा नव्हता.

तू म्हणशील की हा अटींना विरोध झाला, युद्धाला नव्हे. ते खरे आहे. जून २०२२ मध्ये बिहारात जे तरुण रस्त्यावर उतरले, त्यांना सैन्यात जायचेच होते. त्यांचे भांडण अटींशी होते, आणि रेल्वेगाड्या जाळण्याचा मार्ग मला तेव्हाही मान्य नव्हता. माझा विरोध युद्धालाच आहे. तो मी कुठून उसना आणलेला नाही. आपल्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास असलेल्या पवनारला १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण केले. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, असे उघडपणे सांगण्याच्या हक्कासाठी तो सत्याग्रह होता, आणि त्यासाठी विनोबा चार दिवसांत तुरुंगात गेले. पुढे डिसेंबर १९४९ मध्ये जगभरचे शांततावादी शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे जमले, तेव्हा गांधीजी हयात नव्हते.

मात्र पवनारच्या त्या भाषणाला वर्षही उलटले नव्हते, तोवर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या महारांसाठी भरतीचे दार बंद झाले होते, ज्यांच्या वतीने निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी ते उघडण्यासाठी अर्ज लिहिला होता, त्यांना ते दार पुन्हा उघडणे म्हणजे माणूस म्हणून मान मिळणे होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे नागपुरात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. तुझ्या आजोबांनी आणि काकांनी वर्दी का घातली, ते मला यातून समजते, आणि त्या निर्णयावर बोट ठेवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. सुहास, आमच्यातल्या काहींना हे अजून पटत नाही. त्यांना प्रत्येक सैनिक युद्धाचा समर्थक वाटतो. त्यांच्याशी माझे तुझ्यापेक्षा जास्त भांडण होते.

माझे म्हणणे इतकेच आहे की साडेसतरा वर्षांच्या मुलाने सही करण्यापूर्वी त्याला सगळे सांगितले गेले पाहिजे, आणि 'नाही' म्हणणेही मानाचे असते, हेही त्यातच आले. संयुक्त राष्ट्रांनी २५ मे २००० रोजी स्वीकारलेला आणि भारतानेही मान्य केलेला बालकांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाबाबतचा करार नेमके हेच मागतो: १८ वर्षांखालील मुलाची भरती खरोखर स्वेच्छेची असावी, आईवडिलांची समजून-उमजून दिलेली संमती असावी, आणि सैनिकी सेवेत काय काय करावे लागते याची त्याला पूर्ण माहिती असावी. आम्ही एका शाळेत बारावीच्या मुलांशी यावर बोलण्यासाठी एक तास मागितला, तर आम्हांला देशद्रोही ठरवून फाटकावरूनच परत पाठवले गेले. त्याच फाटकावर भरतीच्या अकॅडमीची जाहिरात लावलेली होती.

पूर्ण माहिती आमच्याजवळही नाही. मागच्या रविवारी त्याच मुलाने विचारले, "भाऊ, तिकडं सोबतचा पोरगा मेला त त्याच्या घरी कोण सांगते?" मी गप्प राहिलो. काकांनी ते काम दोनदा केले आहे, असे तू मला अकरावीत सांगितले होतेस; त्यानंतर त्या विषयावर आपण कधी बोललो नाही. काका रविवारी मैदानावर येतील का, एवढे त्यांना विचार. आमच्या बाजूने बोलावे, अशी अपेक्षा नाही. त्यांना भरती व्हा असे सांगायचे असेल, तर तेही सांगू देत. साडेसहाला दौड संपते. मी गाडी घेऊन सहा वाजता दाराशी येईन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिकेत