सजावटी सुशीच्या संचातली चुकीची मापं आणि चुकीचा हिरवा ठिपका याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘सजावटी सुशी शिका’ संचातील सदोष माहितीपुस्तिका व शाकाहारी चिन्हाचा चुकीचा वापर

महोदय/महोदया,

आमच्या पाककला मंडळाने आपल्याकडून वरील संचाचे (कापल्यावर आत फुलासारखं चित्र दिसणारे जपानी भाताचे रोल, म्हणजे सजावटी सुशी, शिकवणाऱ्या) चार नग मागवले. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. बांबूची चटई आणि भाताचा पळा चांगल्या दर्जाचे आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी लिहितो. डब्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे. आत मात्र भात गुलाबी करण्यासाठी साकुरा देन्बूचं पाकीट आहे. देन्बू म्हणजे कॉडसारखा पांढरा मासा उकडून, त्याचे तंतू मोकळे करून, साखर आणि रंग घालून कोरडा परतलेला भुगा. पाकिटामागच्या मूळ जपानी घटकयादीत ‘तारा’ हा शब्द स्पष्ट आहे, आणि तारा म्हणजे कॉड. आपण त्यावर लावलेल्या स्टिकरवर फक्त ‘गुलाबी गोड मसाला’ लिहिलं आहे. या डब्यावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण हवा होता. प्रश्न फक्त सोवळ्याओवळ्याचा नाही. माशाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. शाकाहारी संचच विकायचा असेल तर बिटाचा रस आटवून निम्मा करावा आणि 100 ग्रॅम भाताला एक छोटा चमचा घालावा. न आटवलेला रस घातला तर भात ओला होतो आणि नोरी (रोल गुंडाळायची समुद्रशेवाळाची कागदासारखी पत्री) आतून फाटते.

आता पुस्तिका. फुलाच्या रोलची कृती (पाच गुलाबी पाकळ्या, मध्ये गाजराची कांडी, भोवती पांढरा भात) लिहिल्याप्रमाणे कुणालाही जमणार नाही. नोरीची पूर्ण पत्री 21 बाय 19 सें.मी. असते. दुसऱ्या पायरीत आपण ती अर्धी कापायला सांगता, म्हणजे 10.5 बाय 19 चे दोन तुकडे. एका अर्ध्या तुकड्याचे तीन भाग केले की पाकळीसाठी 10.5 बाय साधारण 6.3 सें.मी.ची पट्टी मिळते. या पट्टीत आपण 40 ग्रॅम भात भरायला सांगता. तेवढ्या भाताचा घेर जवळपास 7 सें.मी. होतो, म्हणून पट्टीच्या कडा जुळतच नाहीत. बाहेरच्या थराला 250 ग्रॅम पांढरा भात सांगितला आहे. सगळं मिळून रोलचा घेर 23 सें.मी.च्या पुढे जातो, आणि गुंडाळायची नोरी आहे 19 सें.मी. बाजूला चार सें.मी. भात उघडा राहतो आणि कापताना फूल फाकतं.

चूक कुठे झाली तेही दिसतं. ही मापं न कापलेल्या पत्रीवर केलेल्या 21 सें.मी. लांब रोलची आहेत. लांबी निम्मी केली, भात निम्मा करायचा राहून गेला. अर्ध्या पत्रीसाठी पाकळीला 20 ग्रॅम आणि बाहेरच्या थराला 120 ग्रॅम भात पुरतो. मग घेर 17 सें.मी.च्या आसपास येतो आणि कडा एकमेकींवर दोन सें.मी. बसवायला जागा उरते. गाजराची कांडी 1.2 सें.मी. जाडीची हवी. त्याहून जाड घेतली तर पाकळ्यांमध्ये फटी पडतात, बारीक घेतली तर त्या आत ढासळतात. रचतानाही आधी तीन पाकळ्या चटईच्या खोलगट भागात ठेवाव्या, त्यांवर कांडी, मग उरलेल्या दोन. पुस्तिकेत पाचही सपाट मांडून एकदम गुंडाळायला सांगितलं आहे. तसं केल्यावर कांडी मध्यावर राहत नाही.

डब्यावर ‘सहा रोल’ असं छापलं आहे. एका फुलाला बाहेरचा एक अर्धा तुकडा आणि पाकळ्यांसाठी जवळपास पावणेदोन लागतात. सहा फुलांना निदान आठ पूर्ण पत्र्या हव्यात. आपण पाच दिल्या आहेत, त्यात तीन फुलं होतात. 500 ग्रॅम तांदळाचा भात 1100 ग्रॅमच्या आसपास होतो. वर दुरुस्त केलेल्या मापानेही तो पाच रोलांनाच पुरेल.

भाताच्या पानावर दोन सूचना सरळ चुकीच्या आहेत. ‘एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी’ हे माप या आखूड, चिकट दाण्याला चालत नाही, त्याचा लगदा होतो. धुऊन अर्धा तास भिजवून निथळलेल्या तांदळाला, कोरड्या मापाच्या एक वाटीस सव्वा वाटीहून कमीच पाणी लागतं. दुसरी सूचना ‘व्हिनेगर घालून एक तास फ्रिजमध्ये ठेवा’ ही आहे. फ्रिजमध्ये भातातला स्टार्च आवळतो, दाणे कडक होऊन एकमेकांना धरत नाहीत, आणि सजावटी रोलचा सगळा आकार तर त्या धरण्यावरच उभा असतो. व्हिनेगर गरम भातातच मुरवायचं, वारा घालून भात अंगाइतका कोमट करायचा आणि ओल्या फडक्याखाली ठेवायचा.

फोटोत नोरीची चकचकीत बाजू भाताकडे दाखवली आहे. ती बाहेर हवी, भात खरबरीत बाजूवर पसरतात. कापताना प्रत्येक कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसायची असते, याचा तर उल्लेखच नाही. पुसली नाही तर गुलाबी भात पांढऱ्यावर ओढला जातो आणि चारही चकत्यांवरचं फूल बरबटतं. शिवाय नोरीच्या पाकिटाला पुन्हा बंद करायची पट्टी नाही, आत ओल शोषणारी पुडीही नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी उघडी नोरी चामड्यासारखी चिवट होते.

प्रस्तावनेत या कलेला ‘टोकियोच्या राजवाड्यातली कला’ म्हटलं आहे. असे जाडजूड चित्रांचे रोल टोकियोशेजारच्या चिबा प्रांतातल्या घराघरांतून आले. सण, लग्नकार्य अशा प्रसंगी तिथल्या बायका ते करत आल्या आहेत आणि तिथे त्यांना ‘फुतोमाकी मात्सुरीझुशी’ म्हणतात. त्यांचं श्रेय राजवाड्याला देऊ नका.

आमच्या मागण्या:
चारही संचांची पूर्ण रक्कम परत करावी.
हिरवा ठिपका असलेले डबे विक्रीतून तातडीने काढावेत आणि आजवरच्या सर्व ग्राहकांना देन्बूत मासा असल्याचं लेखी कळवावं.
दुरुस्त मापांची पुस्तिका सर्वांना पाठवावी. तिचा मसुदा तपासून द्यायला आम्ही विनामूल्य तयार आहोत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि अन्नसुरक्षा विभागाकडे तक्रार नोंदवू. ठिपक्याबाबतची दुसरी मागणी मात्र आजच अमलात आणावी.

आपले,
पाककला मंडळाचे सभासद

सोबत: बिलाची प्रत, डबा व देन्बूच्या पाकिटाचे फोटो, पुस्तिकेच्या चार पानांच्या झेरॉक्स