बस चुकली तर

लालबाग,
मंगळवार, रात्र

चि. बाळ हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू ड्युटीवरून उशिरा सुटलीस, बस गेली, पावसात पाऊण तास चालत खोलीवर पोचलीस. आणि मी काय विचारलं? जेवलीस का, पाय सुकवलेस का, हे नाही. अक्कल गहाण टाकलीस का, असं विचारलं. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही नाही का जन्मभर रात्रीचे चालत आलात?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहीत आहे. म्हणून लिहितो. पत्र पार्सलात घालणार आहे. रात्रीच्या चालण्याचा विषय यात काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तुझी नर्सची नेमणूक इंग्लंडात ओल्डहॅमला झाली असं तू सांगितलंस, तेव्हा मी गावाचं नाव दोनदा विचारलं होतं. तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. १९७५ साली मी रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, भरलेल्या बाबिनी काढणारा डॉफर म्हणून लागलो, तेव्हा आमच्या साच्याच्या, म्हणजे यंत्राच्या, टोकाला लोखंडात ओतलेली इंग्रजी अक्षरं होती. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. शनिवारी साचा पुसायचा असायचा. तेलात भिजलेला बोळा त्या अक्षरांवरून फिरवताना बोटाला एकेक अक्षर लागायचं. माझी एबीसीडी शाळेपेक्षा तिथेच पक्की झाली. कित्येक वर्षं मला ओल्डहॅम हे कुणा साहेबाचं नाव वाटायचं. ते गाव आहे, आणि तिथे आपली मुलगी नोकरीला जाईल, हे कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

तू गेल्यापासून वाचनालयात बसून मी त्या गावाबद्दल मिळेल ते वाचतो. शेजारचा मुलगा नेटवरून छापूनही देतो. प्लॅटच्या कारखान्यात एके काळी दहा हजारांहून जास्त माणसं होती. गिरणीची यंत्रं बनवणारा त्याहून मोठा कारखाना तेव्हा जगात नव्हता. मुंबईत तर त्यांचे साचे गिरणीगिरणीत होते. आणि खुद्द ओल्डहॅममध्ये १९११ साली १ कोटी ६४ लाख चात्या, म्हणजे सूत कातणाऱ्या उभ्या सळया, फिरत होत्या. सगळ्या जगात मिळून १४ कोटींच्या वर होत्या. म्हणजे जगातल्या दर नऊ चात्यांमधली एक त्या एका गावात. ३६० गिरण्या होत्या, बाळ. आपल्या गिरणगावात साठेक गिरण्यांची धुराडी होती, तर आभाळ दिसत नसे.

ज्या दमट हवेने तुला महिनाभर सर्दी झाली आहे, तिच्यामुळेच तो धंदा तिथे वाढला. कोरड्या हवेत सूत ताठरतं आणि तटातट तुटतं. डोंगराच्या कुशीतलं गाव, बारमाही ओल, मऊ पाणी, पायाखाली कोळसा. आमच्या खात्यात वरून पाण्याचा फवारा सोडायचे, तो याचसाठी. तेव्हा सर्दीवर आल्याचा काढा घे आणि हवेला शिव्या देऊ नकोस. ओले मोजे मात्र अंगावर सुकवू नकोस. रात्री भिजत चालत आलं की छातीत बसते ती. आता बघ, लिहायचं नाही म्हणालो होतो.

तू दुपारी डबा घेऊन ज्या बागेत जाऊन बसतेस म्हणालीस, त्या अलेक्झांड्रा पार्कची गोष्ट तुला कुणी सांगितली का? १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस यायचा थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. उपासमार झाली. त्या बेकार गिरणी कामगारांना हाताला काम म्हणून ही बाग खणायला लावली, १८६५ साली ती खुली झाली. तू ज्या पायवाटेवर बसून पोळी खातेस ती सूत काढणाऱ्या माणसांनी कुदळीने केलेली आहे. ज्या हातांना बारीक धागा जोडायची सवय, त्या हातांना कुदळीने किती फोड आले असतील, हे मला कळतं.

आणि त्याच वर्षांत आपल्या मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता, कारण अमेरिकेच्या जागी आपला कापूस जात होता. तुझ्या आईच्या माहेरचा, वऱ्हाडातला, खानदेशातला, गुजरातेतला. तिकडे त्या सगळ्याला एकच नाव होतं, सुरती. आपला धागा आखूड, त्यात काडीकचरा. साच्यावर सारखा तुटायचा. मजुरी कामाच्या हिशेबाने, म्हणजे जितका धागा तुटेल तितका पगार तुटेल. सुरती कापसाचं नाव काढलं की तिथल्या कामगारांच्या कपाळाला आठी पडायची. आपल्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. १८६५ ला लढाई संपली, भाव कोसळले, आणि मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या बसल्या.

आम्हाला बाग खणायला कुणी दिली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. पहाटे भायखळ्याहून भाजी आणायची आणि चाळीच्या कोपऱ्यावर विकायची, असं वर्ष काढलं. तुझ्या आत्याचं लग्न त्यातच उरकलं. असो, हे तू शंभर वेळा ऐकलं आहेस.

न ऐकलेलं एक सांगतो. वाचताना मी सगळ्यात जास्त अडखळलो ते रात्रपाळीपाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर ओल्डहॅमच्या मालकांनी नवी यंत्रं आणली आणि पैसा वसूल करायला गिरण्या चोवीस तास चालवायला घेतल्या. गावचे लोक रात्रीला यायला तयार नव्हते. मग पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडची माणसं आली. त्यांच्या कितीतरी जमिनी मंगला धरणाखाली गेल्या. आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटकडचीही आली. त्यांच्या वाट्याला रात्र आली. गोरा माणूस दिवसा कामावर, हा रात्री. एकाच साच्यावर दोघं राबायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे ते पाळी बदलताना, दारात. घरंही वेगळ्या वस्त्यांत झाली, ग्लॉडविकला, वेस्टवूडला. मुलांच्या शाळा वेगळ्या. पुढे गिरण्याच बंद पडल्या, दारातली ती भेटसुद्धा संपली. शेवटची एल्क मिल १९९८ ला बंद झाली, पुढच्या वर्षी पाडली. तू जिथून चादर घेतलीस ते दुकानांचं आवार तिच्याच जागेवर आहे. इथे फिनिक्स मिलचं झालं तसंच. मग २००१ च्या मे महिन्यात तिथे दंगल पेटली, गाड्या जळल्या, पेट्रोल बॉम्ब फेकले गेले. मला त्याचं नवल वाटलं नाही. पाळ्या वेगळ्या पडल्या की माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात.

हे वाचल्यापासून मला झोप लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर इंग्लंडातल्या दंगली दाखवत होते, कामावर निघालेल्या परदेशी नर्सनाही त्रास झाला म्हणून बातमी होती, तेव्हा तुझा फॉर्म नुकताच भरलेला. मी तुला थांब म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो.

तू म्हणालीस, मी जन्मभर रात्रीचा चालत आलो. आलो. दुसरी पाळी बाराला सुटायची, पण तेव्हा हजार माणसं एका वेळी रस्त्यावर उतरायची. चहाची गाडी, पावभाजीचा तवा, पानवाला, सगळे जागे. ते एकट्याचं चालणं नव्हतं. एकटा मी एकदाच चाललोय.

१९९३ चा जानेवारी, मुंबईत हिंदू-मुसलमान दंगली पेटलेल्या. तू आईच्या पोटात, सात महिन्यांची. आम्ही तीन रात्री गिरणीतच काढल्या. लूम खात्यातला एक विणकर होता, मदनपुऱ्याचा, माझ्याबरोबर संपात भाजी विकलेला. त्याच्या घरी लहान मुलं. चौथ्या रात्री तो निघतो म्हणाला. लालबागमधून त्याला एकट्याला जाऊ देणं शक्य नव्हतं. मी त्याच्या बाजूने चाललो, भायखळ्याच्या पुलापर्यंत. तिथे तो थांबला आणि म्हणाला, आता पुढे तू येऊ नकोस. हात दाबला आणि गेला. मग मी परत फिरलो. सगळी शटरं खाली, दिवे बंद, आणि माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. शेवटी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी आलो. अर्ध्या तासाचा रस्ता. आईला सांगितलं, पाळी लांबली.

तुझा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता होता. राग तुझ्यावर नव्हता, बाळ.

तुझ्या घरमालकीणबाईंचे यजमान तिथल्या गिरणीत रात्रपाळीला रिंगवर होते म्हणालीस ना? त्यांना माझा नमस्कार सांग. सांग की माझे बाबाही रिंगवरचेच. त्यांचा मुलगा टॅक्सी चालवतो. उशीर झाला की त्याला फोन करायला लाजू नकोस, भाडं देत जा. परक्या गावात कुणाचे उपकार नकोत असं तुझं असतं, मला माहीत आहे, हा हट्ट तू माझ्याकडूनच घेतला आहेस. पण त्या रात्री त्या विणकराने माझे उपकार घेतले, आणि त्यात त्याला काही कमीपणा आला नाही. बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर.

जुन्या टाउन हॉलसमोर बाईचा एक पुतळा आहे, त्याचा फोटो मला पाठव. अ‍ॅनी केनी. दहाव्या वर्षी अर्ध्या दिवसाच्या कामावर गिरणीत लागली, उरलेला अर्धा दिवस शाळा. गरगरत्या बाबीनने तिचं एक बोट तोडलं. १९०५ साली मँचेस्टरच्या भरसभेत तिने पुढाऱ्यांना विचारलं, बायकांना मत देणार की नाही? सभेतून ओढून बाहेर काढली, तुरुंगात गेली. दीडशे वर्षांत त्या गावात किती गिरणीवाल्या बायका राबल्या असतील, त्यांच्यातल्या एकीचा पुतळा २०१८ साली उभा राहिला. ती रात्री एकटी चालत असेल का, असंही माझ्या मनात आलं.

आणि ही गोष्ट मी चाळीत सगळ्यांना सांगितली आहे. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ ला तुझ्या हॉस्पिटलात जन्मलं, तेव्हा हॉस्पिटलचं नाव ओल्डहॅम जनरल होतं. आणि डॉ. इंदिरा हिंदुजांनी १९८६ साली आपल्या केईएममध्ये तसंच बाळ जन्माला आणलं. तू जन्मलीस ते हॉस्पिटल आणि तू राबतेस ते हॉस्पिटल, दोन्ही एका धाग्यात आली. ओल्डहॅमच्या त्या कामात डॉ. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्याबरोबर जीन पर्डी नावाची एक नर्स होती. त्या दोघांची नावं झाली, तिचं नाव कितीतरी वर्षं पाटीवरसुद्धा नव्हतं. तू जादा थांबतेस त्या तासांची नोंद करत जा. कुणी सांगितलं नाही तरी करत जा.

ऑगस्टअखेर तिथे पूर्वी वेक्सची सुट्टी असायची. सगळ्या गिरण्या एकदम बंद, वर्षभर क्लबात साठवलेले पैसे घ्यायचे आणि ब्लॅकपूलला समुद्रावर जायचं, गाव ओस. आपण भिशी फोडून गणपतीला गावी जायचो तसं. दिवसही साधारण तेच. तुला यंदा सुट्टी नाही हे आईने मला हळूच सांगितलं. ठीक आहे. मूर्ती नेहमीचीच आणू, आरतीच्या वेळी फोन लावू.

पार्सलात मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, आईने विणलेले लोकरीचे दोन मोजे आहेत. खाली कागदात गुंडाळून माझी बॅटरी ठेवली आहे, तिसऱ्या पाळीला न्यायचो ती, पितळेची. बटण घट्ट झालं होतं, तेल घालून सैल केलं आहे. पार्सलवाल्याने सेल घेतले नाहीत. तिथे घे. मोठे, दोन लागतात.

तुझे,
बाबा