दिवाळीनंतरही शाळा भरते!

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा सगळ्याच वर्तमानपत्रांनी प्रवेशोत्सवाची छायाचित्रं छापली. सजवलेली बैलगाडी, फुगे, गुलाबाची फुलं, रडवेली पहिलीतली पोरं आणि त्यांच्या शेजारी हसतमुख पाहुणे. बघायला छान वाटतं. पण दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, त्या आठवड्यात शाळेबद्दल कुणी चार ओळीही छापत नाही. प्राथमिक शाळेचं वर्ष तरतं की बुडतं, हे मात्र याच सत्रात ठरतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

सोलापूरच्या पूर्व टोकाला, जिथे यंत्रमागाचा खडखडाट संपून ज्वारीची रानं लागतात, तिथल्या पहिली ते चौथीच्या एका शाळेत माझी मुलगी तिसरीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत मी पालक-सदस्य आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, असं तो सांगतो. बऱ्याच ठिकाणी आराखडा होतो, सह्या होतात आणि फाईल कपाटात जाते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी यंदा दुसऱ्या सत्राचं नियोजन एका मोठ्या कागदावर लिहून फाटकाजवळच चिकटवलं. खाली तेच तेलुगूत. आमच्याकडे निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. मुलं मराठी शाळेत शिकतात, पण आईला शाळेतला कागद वाचता येतोच असं नाही.

त्या कागदावर सगळ्यात वर वाचनाचा तक्ता आहे. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे चार रकाने आणि त्यांत मुलांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या. नावं मुद्दाम नाहीत, उगाच गल्लीत चर्चा नको. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या ‘निपुण’ या सरकारी अभियानाचं तिसरीचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचणं आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं, असं आहे. ते किती जणांना जमतं हे ऑक्टोबरमध्येच कळलं होतं. सुट्टीनंतर बाईंनी पुन्हा वाचून घेतलं तेव्हा उताऱ्याच्या रकान्यातल्या तीन चिठ्ठ्या मागे, वाक्यात आल्या. घरात पुस्तक नाही, सुट्टीभर कुणी वाचून घेतलेलं नाही, दुसरं काय होणार? त्यावर बाईंनी आखलेला उपाय साधा आहे. रोज पहिला अर्धा तास चारही वर्गांची फोड करायची आणि ज्याला जे वाचता येतं त्या गटात त्याला बसवायचं, मग तो पहिलीतला असो की चौथीतला. चौथीतल्या मुलाला पहिलीतल्यांबरोबर बसायला लाज वाटते, हे खरं. त्याला ‘दादा’ करून अक्षरकार्डं वाटायचं काम दिलं की तो बसतो.

आता हजेरीबद्दल. दिवाळीनंतर उसाचा हंगाम जोर धरतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या तोडणी मजुरांच्या खोप्या आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर पडतात. त्यांतली मुलं सकाळी बैलांच्या मागे, नाहीतर लहान भावंडाला कडेवर घेऊन. दाखला नाही, गावाकडच्या शाळेत नाव तसंच आहे, असं पालक सांगतात आणि विषय संपतो. खरं म्हणजे तो तिथे संपायला नको. दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येही घेता येतो आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं, हे कायद्यातच आहे. यंदा शाळेनं समितीतल्या दोन महिला-सदस्यांना सोबत घेऊन खोप्यांवर जायचं ठरवलं आहे. सकाळी नव्हे, मुकादमाचा ट्रॅक्टर परतल्यावर. सकाळी गेलात तर खोपीत एखादी म्हातारी आणि कोंबड्या भेटतील.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्याकडे सुट्ट्यांचे आणि दांड्यांचे महिने. वेळा अमावस्येला, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या सणाला, अर्धी शाळा पाहुण्यांच्या रानात भज्जी आणि आंबील चापायला गेलेली असते. त्यानंतर सिद्धरामेश्वरांची यात्रा. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळणे लागले की पोरांचं लक्ष वर्गात राहत नाही. शिक्षकांनी दरवर्षी यावर चिडायचं आणि मुलांनी दरवर्षी पळायचं, असं चालत आलं आहे. यंदाच्या नियोजनात गड्डाच अभ्यासाला घेतला आहे. पाळण्याचं तिकीट किती, भेळ किती, फुग्याची बंदूक एका नेमाला किती, हे मुलांनी वहीत टिपून आणायचं. त्यावरून चौथीनं शाब्दिक उदाहरणं तयार करायची आणि ती तिसरीनं सोडवायची. यात्रेतले नंदीध्वज सात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली लिंगं 68. पहिलीला मोजायला एवढं पुरे. 12 जानेवारीला चार हुतात्मा चौकात जायचं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 1931 साली त्याच दिवशी फाशी झाली. चौकातून रोज रिक्षानं जाणाऱ्या किती मोठ्या माणसांना ही चार नावं एका दमात सांगता येतील, देव जाणे.

परसबागेत मेथी आणि कोथिंबीर उगवली आहे, ती खिचडीत पडते. स्नेहसंमेलन फेब्रुवारीत आहे. यावर जास्त लिहीत नाही.

लिहायला हवं ते उन्हाबद्दल. दोन वर्ग पत्र्याखाली आहेत. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि 2025 साली तर राज्यभर प्राथमिकच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. सकाळची शाळा केली तरी दहानंतर पत्रा तापतोच. पत्र्यावर चुना मारायचा, पहिलीचा वर्ग स्लॅबच्या खोलीत हलवायचा आणि पाण्याची टाकी आधीच दुरुस्त करून घ्यायची, एवढं समितीनं फेब्रुवारीअखेरपर्यंत करायचं ठरवलं आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मुलांच्या बाटलीत ते कुठून येणार, याची काळजी मार्चमध्ये करून उपयोग नाही.

पालकसभेचा अनुभवही सांगतो, कारण तो इतर शाळांच्या कामाला येईल. सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवायची चाल होती. त्या वेळी वडील रात्रपाळी करून झोपलेले, आई वळलेल्या विड्या देऊन पुढचं पान-तंबाखू घ्यायला कारखान्यात रांगेत. येणार कोण? मग पालक उदासीन आहेत असा शेरा इतिवृत्तात. यंदा सभा संध्याकाळी सहाला घेतली, तर खोली भरली. काही बाया विड्या वळताना मांडीवर घ्यायचं सूप सोबत घेऊनच आल्या. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा मोठा फलक आहे. बाई क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, “आक्का, सूप बाहेर कट्ट्यावर ठेवा, अर्ध्या तासात सोडते.” एक बाई ताडकन म्हणाली, “अर्धा तास म्हणजे अर्धाच हं बाई, हजार विड्या भरायच्यात माझ्या.” सभा अर्ध्या तासातच संपली. आपण सगळ्यांनीच असं ठरवलं तर बरं होईल.

प्रशासनाला विनंती एवढीच, की आधीच मोजक्या असलेल्या शिक्षकांना याच सत्रात मतदार यादीच्या कामाला जुंपू नये. वर्गात दोन शिक्षक आणि बाहेर दहा कामं अशी स्थिती असेल तर वरचा तक्ता कुणी हलवायचा? शिवाय प्रत्येक शाळेनं आपलं सत्राचं नियोजन फाटकावर, पालकांना कळेल त्या भाषेत लावावं. त्याला निधी लागत नाही, एक कागद आणि डिंक लागतो.

आणि आपल्याला विनंती, की या महिन्यात एखादा रकाना दुसऱ्या सत्राला द्यावा. पुढची पालकसभा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सहालाच आहे. आपल्या वार्ताहरानं अवश्य यावं. सत्कार, हारतुरे काही नाहीत. बसायला सतरंजी आहे, आणि फोटोच काढायचा असेल तर वाचनाचा तक्ता आहे.

आपला,
एक पालक, सोलापूर