श्रावण, सातवा महिना आणि शेजारच्या आंटी

प्रिय आंटी,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे म्हणून रागावू नका. माझं इंग्रजी ‘थँक यू’च्या पुढे जात नाही, आणि तेवढं तर मी लिफ्टमध्ये रोज म्हणतच होते. लेक येत्या रविवारी तुमच्या दाराशी चपला काढून आत येईल आणि एकेक वाक्य तुम्हाला सांगेल. ‘खरकटं’ या शब्दाशी ती अडणार, हे मला आत्ताच दिसतंय. तिला जरा वेळ द्या.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं कारण असं, की साताऱ्याला परतल्यापासून भिशीतल्या बायका एकच विचारतात, “अगं, सिंगापुरात श्रावण पाळलास तरी कसा?” प्रत्येकीला वेगळं कुठे सांगत बसू? शिवाय बऱ्याच जणींची मुलं आता तिकडे आहेत, म्हणजे आज ना उद्या त्याही जाणारच.

तर भगिनींनो, श्रावण मी पाळला नाही. या आंटींनी माझ्याकडून पाळून घेतला. आणि त्यांना श्रावण म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं.

आंटी, पहिली भेट आठवते? जुलैचा शेवट. लेक-जावई सकाळी आठला बाहेर पडले की मी आणि चौदावा मजला. दुसऱ्याच दिवशी धीर करून एकटी खाली उतरले, तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत, गेले. पन्नासेक दुकानं, वर पंखे गरगरतायत, आणि वासाने डोकं भणभणलेलं. एका ठिकाणी हिरवीगार पालेभाजी परतताना दिसली. बोट दाखवून “ओन्ली व्हेजिटेबल?” म्हटलं. तो म्हणाला, “यस, यस, व्हेजिटेबल.” ताटली घेऊन एका रिकाम्या टेबलापाशी आले. टेबलावर टिश्यू पेपरचं छोटं पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून ते नीट बाजूला सरकवलं आणि बसले. पहिला घास घेतला आणि नाकात थेट मालवणची सुकट!

तेवढ्यात तुम्ही आलात. हातात वाडगा, आणि चेहऱ्यावर हसू दाबलेलं. ते पाकीट तुमचं होतं. तुम्ही म्हणालात, “आय चोप ऑरेडी.” मला वाटलं काहीतरी चिरायचं म्हणताय. टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल धरलं, ही तुमच्याकडची रीत मला संध्याकाळी जावयांनी समजावली, आणि मी हसत सुटले. अहो, आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात! फरक एवढाच, की आमच्याकडे त्या रुमालावरून भांडणं होतात.

पण त्या क्षणी मला हसू येत नव्हतं. तुम्ही माझ्या ताटलीकडे पाहिलंत, मग माझ्या तोंडाकडे, आणि विचारलंत, “यू व्हेजिटेरियन, इज इट?” मान हलवली. “आयो,” म्हणालात, “धिस वन गॉट ब्लाचान.” कोळंबीच्या जातीचं बारीक जवळ्यासारखं काही मिठात आंबवून, वाळवून केलेली वडी. आमच्याकडे फोडणीत हिंग, तसा तिथे तो. तुम्ही माझी ताटली उचललीत, स्वतःपुढे ओढलीत, आणि मला हाताला धरून कोपऱ्यातल्या एका दुकानापाशी नेलंत. पाटीवर एकच मोठं चिनी अक्षर. “धिस वर्ड, रिमेंबर,” असं सांगून तुम्ही ते बोटाने माझ्या तळहातावर गिरवलंत. शाकाहाराचं अक्षर. वर एक उभी रेघ, तीन आडव्या, खाली पीळ घातलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी. पुढचा महिनाभर मी सिंगापूरभर तेवढं एक अक्षर वाचत फिरले.

या दुकानांबद्दल भगिनींना सांगायलाच हवं. ही बौद्ध शाकाहाराची दुकानं. यांच्याकडे मांस-मासे तर नाहीतच, पण परंपरेने कांदा-लसूणही नाही! चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या बाईला आणखी काय हवं? तांदळाच्या शेवया परतून वर कोबी, तळलेली टोफूची साय, बाजूला लाल मिरचीचा ठेचा. याला बी हून म्हणतात. मी बहुतेक रोज तेच खाल्लं. एक तक्रार मात्र आहे, ती आंटींनाही तोंडावर सांगितली होती: गव्हाच्या आणि सोयाबीनच्या पिठाला बदकाचं नि डुकराचं सोंग कशाला देतात? सोडलं तर सोडलं. आंटी म्हणाल्या, “फॉर द हजबंड, लाह.” हे पटलं.

मग आली ४ ऑगस्ट २०२४. रविवार, आमची दिव्याची अवस. मी लेकीच्या घरातल्या दोनच समया घासून, पाटावर मांडून, कणकेचे दिवे केले. संध्याकाळी खिडकीतून धूर आत यायला लागला. खाली पाहिलं तर इमारतीच्या कडेने लोक लोखंडी पिंपांत कागद जाळतायत. गवताच्या काठावर मेणबत्त्या, उदबत्त्या, संत्री, भाताच्या मुदी, चहाचे इवले कप. मी काय आहे ते पाहायला खाली उतरले आणि त्या पानावरून ओलांडून जाणार, तोच तुम्ही दंड धरून मागे ओढलंत. चांगला जोरात ओढलात, दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

तुमच्या सातव्या महिन्याचा तो पहिला दिवस. या महिन्यात पितरं आणि ज्यांना कुणी घालणारं नाही असे अतृप्त जीव खाली येतात, म्हणून त्यांच्यासाठी ते जेवण. जळत होते ते कागदी पैसे, कागदी सदरे, एक कागदी बूटजोडही. तुम्ही नवऱ्याच्या नावाने जाळत होता. काठीने राख वर-खाली करत मला सांगितलंत, की नीट पूर्ण जळलं पाहिजे, अर्धवट राहिलं तर तिकडे फाटकी नोट पोचते.

खरं सांगते, मला कसंसंच झालं. उद्यापासून श्रावण, पहिल्याच दिवशी सोमवार, आणि दारात पितृपक्ष? आमची पितरं भाद्रपदात येतात, गणपती गेल्यावर. घरी येऊन लेकीला म्हटलं, सत्यनारायण पुढे ढकलू या का? तिने फोनवर पंचांग काढलं आणि तुमचं चिनी कॅलेंडर काढलं, आणि दोघी बघतच राहिलो. दोन्हीकडे महिना अमावस्येलाच बदलतो. त्या साली तुमचा सातवा महिना आणि आमचा श्रावण अक्षरशः हातात हात घालून चालले होते. तुमची पंधराव्या दिवसाची मोठी पूजा १८ ऑगस्टला, आमची नारळी पौर्णिमा १९ ला. चंद्र एकच, मोजणारे दोन. सत्यनारायण केला आम्ही. तुम्ही आलात, प्रसादाचा शिरा दोन्ही हातांनी घेतलात. तुमच्याकडे कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घेतात. माझ्या सासूबाईंनी तेवढ्यावर तुम्हाला सून करून घेतलं असतं.

पंधराव्या दिवशी तुम्ही मला सकाळी अकरालाच जेवायला काढलंत. “लेटर व्हेरी लाँग क्यू.” पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथली कितीतरी माणसं शाकाहार पाळतात, म्हणून शाकाहारी दुकानापुढे ही रांग. एरवी तिथे मी आणि दोन म्हाताऱ्या असायचो. रांगेत उभी राहून मला फार बरं वाटलं. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात उभं राहिल्यासारखं.

खरकट्याचं आता सांगते. जेवण झालं की ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा; १ सप्टेंबर २०२१ पासून तर तो नियम आहे, न पाळणाऱ्याला आधी समज, मग दंड. मी पहिल्या दिवशी ट्रे जवळच्या रॅकवर ठेवायला गेले तर तुम्ही म्हणालात, “कॅनॉट, दॅट वन हलाल.” दोन रॅक. मुसलमान दुकानांची भांडी एकीकडे, बाकीच्यांची दुसरीकडे, म्हणजे डुकराचं मांस लागलेलं ताट त्यांच्या ताटांत मिसळायला नको. मी थबकले. माझ्या आजीकडे सोवळ्याची भांडी वेगळी होती, आणि ती वेगळी असल्यामुळे अंगणात कोण बसणार आणि ओटीवर कोण, हेही ठरलेलं होतं. इथे ताटं वेगळी, आणि टेबल एकच. माझ्यासमोर तुम्ही बदकाचा भात खात होता, शेजारी हिजाब घातलेली मुलगी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि मधे मी, चातुर्मास पाळणारी. कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही. आजी असती तर तिला तिथे आणून बसवलं असतं. जेवली नसती, पण बसवलं असतं.

जावयांनी मग त्याच रात्री सांगितलं, की या हॉकर संस्कृतीला डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. तुमच्याकडून ऐकलं ते मला जास्त आवडलं. तुमचे वडील रस्त्यावर गाडीवर शेवयांचं सूप विकायचे, एकाच बादलीत वाडगे विसळायचे आणि इन्स्पेक्टर दिसला की गाडी पळवायचे. सत्तरच्या दशकात सरकारने एकेका गल्लीतले विक्रेते उचलून नळ आणि गटार असलेल्या छपराखाली बसवले, तेव्हा वडील आठ दिवस रुसले होते, म्हणालात. गिऱ्हाईक येणार नाही म्हणून.

आणि कॉफी! तुम्ही आणि तुमच्या मिस्टरांनी बावीस वर्षं कॉफीचं दुकान चालवलंत, त्यामुळे माझी शिकवणी पक्क्या गुरूकडे झाली. मिस्टर हैनानी, म्हणजे चीनच्या हैनान बेटाकडचे. हैनानची माणसं सिंगापुरात उशिरा पोचली, तोवर बाकीचे धंदे इतरांनी धरलेले, म्हणून ती साहेबांच्या घरी आचारी झाली आणि मग कॉफीच्या दुकानांत शिरली. दाणे साखर आणि मार्जरिन घालून काळेकुट्ट भाजतात. गाळणी कापडी, लांब मोज्यासारखी, आपल्या टपरीवरच्या चहाच्या फडक्याची मोठी बहीण. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर आटवलेलं गोड दूध घालून येते. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, साखर असतेच. ‘सी’ म्हटलं की बिनसाखरेचं आटीव दूध. ‘कोसॉन्ग’ म्हणजे मलय भाषेत रिकामं, साखर नाही. ‘सिउ दाई’ हे चिनी बोलीतलं, साखर कमी. ‘गाऊ’ कडक, ‘पेंग’ बर्फ घालून. एक कप मागायला इतक्या भाषा. मी तीन दिवस घरी घोकलं आणि चौथ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं, “कोपी सी सिउ दाई.” त्याने वर न पाहता कप पुढे सरकवला. वर न पाहणं हीच पावती, असं तुम्ही मागून म्हणालात.

सोमवारच्या उपासाचंही तुम्हीच सोडवलंत. मी खिचडीसाठी साबुदाणा शोधतेय म्हटल्यावर तुम्ही साबुदाण्याची थंड खीर पुढे ठेवलीत, नारळाचं दूध आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाचा काळा गूळ. अगदी उपासाचं! साबुदाण्यातला ‘साबू’ हा मलय ‘सागू’चाच नातेवाईक, हे तेव्हा कळलं. आम्ही ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उपासाचं समजतो ते मुळात तुमच्या बाजूच्या झाडाच्या बुंध्यातलं पीठ. आता आमचा होतो तो टॅपिओकाचा, ते सोडा.

९ ऑगस्टला आमची नागपंचमी आणि तुमचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडले. विमानं खिडकीवरून गेली, टीव्हीवर पाडांग मैदानावरचं संचलन चाललेलं, आणि तुम्ही दिंड खाता खाता म्हणालात, की हे तर आमचं आंग कू क्वे! मुगाच्या डाळीचं गोड सारण, केळीच्या पानावर उकडलेलं, कासवाच्या आकाराचं. दुसऱ्या दिवशी ते आणून दाखवलंतही. माझं मत ऑन्डे-ऑन्डेच्या बाजूने: गूळ आत, खोबरं बाहेर, आणि केवड्याच्या कुळातल्या पानाचा हिरवा वास. मोदकाचा सदरा उलटा घातल्यासारखा.

एक प्रसंग राहिला. त्याच सातव्या महिन्यात मैदानात गाण्यांचा मांडव, दिवे लखलखतायत, सगळीकडे गर्दी, आणि पुढची अख्खी रांग रिकामी. मी आनंदाने निघाले, तुम्ही पुन्हा दंड धरलात, पण या वेळी हळू. ती रांग आलेल्यांसाठी. आपण मागे बसलो. बाई होक्किएन या चिनी बोलीत गात होती, तुम्ही ओठ हलवत होता. जाताना गवतातल्या मुदीवर एक साळुंकी टोचत होती. मी तुम्हाला म्हटलं, आमच्याकडे कावळा शिवला की जेवण पोचतं. तुम्ही थांबून त्या साळुंकीकडे बराच वेळ पाहिलंत.

आता कामाचं. तुमचा लाल झाकणाचा डबा माझ्याकडेच राहिला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून लेकीबरोबर भरून पाठवतेय. कडबोळी आहेत, भाजणीची. तिखट बेताचं घातलंय. कांदा-लसूण नाही, पंधराव्या दिवशीसुद्धा चालतील.

तुमची,
चौदाव्या मजल्यावरची साताऱ्याची आंटी